आधी विमान, मग खोका

प्लास्टिकच्या विमानांचे खोके जिथे मांडलेले असतात तिथे स्पिटफायर नाही, असं सहसा होत नाही. वीस हजारांहून जास्त तयार झालेलं विमान, त्यावर निघालेले चित्रपट, पुस्तकं, टपाल तिकिटं. एअरफिक्सने १९५०च्या दशकात विमानांची किट काढायला घेतली तेव्हा सुरुवातही याच विमानाने केली. त्यामुळे नव्या माणसाने पहिलं किट स्पिटफायरचं घ्यावं हे ठीकच आहे. भाग एकमेकांत नीट बसतात, कुठे अडलं तर सांगणारे शेकड्यांनी भेटतात, आणि रंग कोणता द्यायचा याची उत्तरं आधीच छापलेली असतात. हे पुस्तक त्याच्या पुढच्या पायरीवरच्या माणसासाठी आहे. दोन-चार स्पिटफायर आणि एखादं मेसरश्मिट कपाटावर चढलेलं आहे, आणि आता ज्याचं नाव घेतल्यावर घरच्यांनी आणि मित्रांनीही ‘हे कुठलं?’ असं विचारावं, असं विमान त्याला करायचं आहे.

असं विमान निवडताना बहुतेक लोक खोक्यापासून सुरुवात करतात. दुकानात काय आहे, चित्र कोणतं छान आहे, सूट किती मिळते. मी उलट्या टोकाने जायला सांगणार आहे. आधी विमान ठरवा. विमान म्हणजे जात नव्हे, एक विशिष्ट यंत्र: कोणत्या तुकडीचं, कोणत्या धावपट्टीवरचं, कोणत्या वर्षातलं. मग त्याला कोणतं किट चालेल ते शोधा. प्रसिद्ध विमानाच्या बाबतीत ही शिस्त नसली तरी निभावतं, कारण किट करणाऱ्या कंपनीने तुमच्या वतीने अभ्यास केलेला असतो. अपरिचित विमानाच्या बाबतीत तो अभ्यास पुष्कळदा अर्धवट असतो आणि उरलेला आपल्याला करावा लागतो. मला तर सगळी मजा त्यातच वाटते.

उदाहरणासाठी मी एकच विमान घेतलं आहे: कर्टिस हॉक ७५. अमेरिकेत ते पी-३६, फ्रान्समध्ये एच-७५ आणि ब्रिटिशांकडे मोहॉक. डॉनोव्हन बर्लिन या अभियंत्याने आखलेलं हे विमान मे १९३५मध्ये पहिल्यांदा उडालं. सगळं धातूचं अंग, एकच पंख, झाकलेली कॉकपिट, आत ओढली जाणारी चाकं. दोन पंखांच्या, कापड ताणलेल्या विमानांच्या जमान्यात हे सगळं नवं होतं. ती चाकं नव्वद अंशांत वळून पंखात आडवी झोपतात. या युक्तीचं पेटंट बोइंगकडे असल्यामुळे कर्टिसला त्यांना रॉयल्टी मोजावी लागे. १९३७मध्ये अमेरिकी सैन्याने २१० विमानांची मागणी नोंदवली तेव्हा ती तिथल्या लढाऊ विमानांसाठी मोठी मागणी होती. पण हॉकचं भाग्य असं, की त्याचंच एक अंग घेऊन त्यावर ॲलिसनचं लांबट, द्रवाने थंड होणारं इंजिन बसवलं आणि १९३८च्या ऑक्टोबरमध्ये ते पी-४० म्हणून उडवलं. पी-४० पुढे हजारोंनी निघालं, शार्कच्या जबड्याचं चित्र नाकावर मिरवत चीनमध्ये गाजलं, आणि थोरलं भावंड मागे पडलं. सगळ्या प्रकारांची मिळून हॉक ७५ची संख्या हजाराच्या थोडी वर जाते, तेवढीच.

संख्या लहान असली तरी हॉकने इतके देश पाहिले की त्याची हकिगत वाचताना नकाशा उघडून बसावं. ८ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध जाहीर होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा फ्रेंच हॉकनी दोन जर्मन मेसरश्मिट पाडली. पश्चिम आघाडीवर दोस्तांचा हवेतला तो पहिला विजय मानला जातो. फ्रान्सच्या लढाईत सर्वाधिक विमानं पाडणारा फ्रेंच वैमानिक एदमों मारां ला मेस्ले याच विमानावर लढला. त्याच्या नावावर सोळा विजय आहेत. १९४१च्या ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडत असताना जी थोडी अमेरिकी लढाऊ विमानं वर जाऊ शकली त्यांत काही पी-३६ होती. त्यांतल्या एकात फिलिप रॅसमसन नावाचा लेफ्टनंट अंगावरच्या पायजम्यानिशी चढला, त्याने एक जपानी विमान पाडलं आणि सुमारे पाचशे भोकं पडलेलं आपलं विमान ब्रेक नसताना खाली उतरवलं. ओहायोतल्या डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात पी-३६ ठेवलं आहे, शेजारी पायजम्यातला पुतळा आहे. संग्रहालयांना विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांनी तो बघावा.

मग बाजू बदलल्या. फ्रान्स आणि नॉर्वेत जर्मनांच्या हाती लागलेली ४४ हॉक फिनलंडने घेतली आणि ती सोव्हिएत विमानांशी लढली. नोव्हेंबर १९४२मध्ये अमेरिकी सैन्य मोरोक्कोत उतरलं तेव्हा कॅसाब्लांकावर त्यांच्या वाइल्डकॅट विमानांना आडवी गेली ती व्हिशी फ्रान्सची हॉक. त्यांतल्या एका तुकडीच्या विमानांवर सू जमातीच्या योद्ध्याचं शिर रंगवलेलं होतं. हे चिन्ह पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या तुकडीचं, त्या वारशाने आलेलं. म्हणजे अमेरिकेत बांधलेली, अमेरिकी चिन्ह मिरवणारी विमानं अमेरिकी वैमानिकांवर गोळ्या झाडत होती. मॉडेल करणाऱ्याला यातलं कोणतंही विमान मोह घालण्यासारखं आहे, आणि निवड अवघड होते ती इथेच.

माझी निवड भूगोलाने सोपी केली. फ्रान्स पडला तेव्हा त्यांनी मागवलेल्या हॉकचा मोठा भाग अजून यायचा होता. तो ब्रिटनने उचलला. सगळी मिळून दोनशेहून जास्त विमानं त्यांच्या पदरात आली. पण युरोपात जर्मन मेसरश्मिटसमोर हे यंत्र धीमं ठरेल हे ब्रिटिशांना ठाऊक होतं. त्यांनी ती आपल्या मुख्य तुकड्यांना दिली नाहीत. आधी थोडी डागडुजी मात्र करावी लागली. फ्रेंच विमानात थ्रॉटल उलटा चाले, वेग वाढवायला दांडा मागे ओढायचा. मीटर-किलोमीटरमधली उपकरणं, फ्रेंच बंदुका. ते सगळं बदलून, पॉइंट ३०३च्या सहा ब्राउनिंग बंदुका बसवून विमानाला मोहॉक नाव दिलं आणि त्यांतली बरीचशी पूर्वेकडे रवाना केली. याशिवाय इराणने मागवलेली दहा हॉक १९४१मध्ये ब्रिटिश सैन्य तिथे शिरलं तेव्हा हाती लागली; त्यांतली काही खोक्यांतून बाहेरही निघालेली नव्हती. तीही भारतात आली. किट जमवणाऱ्यांना हे वाचून हेवा वाटेल, न उघडलेल्या खोक्यातलं खरं विमान!

भारतात रॉयल एअर फोर्सच्या दोन तुकड्यांनी मोहॉकवर खरी लढाई केली, क्रमांक ५ आणि क्रमांक १५५. पाचव्या तुकडीला डिसेंबर १९४१मध्ये कोलकात्याजवळच्या डमडमला ही विमानं मिळाली. पुढे ती आसामात डिंजानला आणि मग आगरतळ्याला गेली. १५५ची स्थापना एप्रिल १९४२मध्ये पेशावरला झाली. सिंगापूर गेलं होतं, रंगून गेलं होतं, जपानी सैन्य चिंदविन नदीपर्यंत येऊन थांबलं होतं. ईशान्य सीमेवर चांगली लढाऊ विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत मोहॉक. ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमानांना सोबत करायची, नदीतल्या होड्या आणि किनाऱ्यावरचे साठे उडवायचे, मध्येच जपानी हायाबुसा लढाऊ विमानांशी गाठ पडली तर झुंजायचं. वेगात मोहॉक कमी पडे, पण वळायला चपळ आणि हातात हलकं होतं. ब्रिटिशांनी फ्रेंचांकडून एक हॉक उसनं आणून स्पिटफायरशी तुलना केली होती, तेव्हा भर वेगात हॉकचे एलरॉन जास्त सहज फिरतात हे त्यांनाही मान्य करावं लागलं होतं. पाचव्या तुकडीला १९४३च्या मध्यात हरिकेन मिळाली, १५५ला जानेवारी १९४४मध्ये स्पिटफायर. मोहॉकचं काम तिथे संपलं.

याच विमानाची दुसरी वाट बंगलोरला जाते, आणि त्या वाटेवर आपल्या ओळखीचा एक माणूस उभा आहे. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, सोलापूर. भोर घाटातले बोगदे, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची जहाजं, वालचंदनगरची साखर, पुढे प्रीमियरच्या मोटारी. रावळगावची गोळी चघळत मोठ्या झालेल्या पिढीला हे नाव वेगळं सांगायला नको. १९३९मध्ये मोटार कारखान्याच्या वाटाघाटींसाठीच्या अमेरिका दौऱ्यात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी विमानप्रवासात गाठ पडली. पॉलीची कंपनी चीनसाठी विमानं जोडत होती. ब्रह्मदेशाच्या सीमेलगत लोइविंग इथे तिचा कारखाना होता. १९४०च्या ऑक्टोबरमध्ये जपान्यांनी त्या कारखान्यावर बॉम्ब टाकले. दरम्यान वालचंदांनी म्हैसूर संस्थानाला भागीदार करून घेतलं होतं, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. आजची एचएएल ती हीच.

कंपनीला सरकारने दिलेल्या पहिल्या कामांत हार्लो नावाची शिकाऊ विमानं होती आणि ४८ हॉक ७५ लढाऊ विमानं होती. हार्लो १९४१मध्ये उडालं. हॉकपैकी पहिलं ३१ जुलै १९४२ रोजी बंगलोरवरून उडालं, त्यानंतर आणखी चार झाली आणि काम तिथेच थांबवलं गेलं. कारण युद्धाची गरज बदलली होती. नवीन विमानं बांधण्यापेक्षा आहेत ती दुरुस्त करून परत आघाडीवर पाठवणं जास्त निकडीचं होतं, आणि बंगलोर त्या दुरुस्तीचं मोठं केंद्र झालं. एप्रिल १९४२मध्येच सरकारने कारखान्याचा कारभार हातात घेऊन वालचंदांचा हिस्सा विकत घेतला होता. ज्याने कारखाना उभा केला त्याच्या हातून तो पहिलं लढाऊ विमान उडण्याआधीच गेला. वालचंदांच्या चरित्रांत जहाजांना आणि मोटारींना जागा जास्त मिळते हे मी समजू शकतो, पण मला विचाराल तर या माणसाचा सगळ्यात धाडसी डाव हाच होता. रस्त्यावर धावणारी मोटारही या देशात पुरती बनत नसताना लढाऊ विमानाचा कारखाना काढायचा म्हणजे काय, ते एकदा विमानाची नुसती प्लास्टिकची आवृत्ती जोडून बघितली की थोडंफार कळतं.

आता खोक्याकडे. मोहॉक करायचं ठरवून तुम्ही बाजारात गेलात तर जवळपास प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असेल ‘पी-३६’ किंवा ‘हॉक ७५’. मोहॉक हेच विमान आहे, मग अडलं कुठे? नाकात अडलं. अमेरिकी पी-३६ आणि पहिल्या फ्रेंच हॉकना प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प इंजिन होतं: चौदा सिलिंडर, दोन ओळींत. मोहॉकचा जो चौथा प्रकार भारतात लढला त्याला राइटचं सायक्लोन: नऊ सिलिंडर, एकाच ओळीत. एक ओळ म्हणजे इंजिन आखूड, पण सिलिंडर मोठे असल्यामुळे घेर जास्त. दोघांच्या व्यासात सुमारे सात इंचांचा फरक आहे. त्यामुळे मोहॉकचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, आखूड आणि थोडं फुगीर असतं. ट्विन वास्पच्या काउलिंगला मागच्या कडेने हवा सोडायच्या झडपा असतात आणि बंदुकांच्या तोंडाशी डोळ्यासारखे उंचवटे. सायक्लोनच्या काउलिंगवर यातलं काहीच नसतं, ते गुळगुळीत असतं. सात इंच १/७२ मापात अडीच मिलिमीटर होतात. कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण विमानाचा सगळा चेहरा नाकात असतो. ट्विन वास्पच्या नाकावर निळी-पांढरी ब्रिटिश वर्तुळं चिकटवलीत की जाणकाराला ते विमान बाजूच्या खोलीतून दिसतं.

म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन फोटोत बघताना खोक्यावरचं चित्र बाजूला ठेवा आणि साच्याचं चित्र बघा. इंजिनाचे सिलिंडर मोजा. नऊ की चौदा? काउलिंगच्या मागच्या कडेला झडपांच्या रेषा आहेत का? काही किटमध्ये दोन्ही नाकं मिळतात, कारण कंपनीला एकाच साच्यातून चार देशांची विमानं विकायची असतात. अशी किट आपल्यासाठी सोन्यासारखी. फक्त ट्विन वास्पच मिळत असेल तर बाजारातलं रेझिनचं नाक स्वतंत्र घ्यावं लागेल, किंवा त्या किटचं पी-३६ करून मोकळं व्हावं आणि मोहॉकसाठी दुसरं शोधावं. दुसरा मार्ग स्वस्तही पडतो बहुधा.

मापाचा प्रश्न यानंतर येतो, आणि तो जितका चर्चिला जातो तितका गहन नाही. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. या मापात सहा फुटी वैमानिक बरोबर इंचभर होतो. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये लाकडी आणि मग प्लास्टिकच्या विमानांनी हे माप रुळवलं, युद्धात शत्रूचं विमान ओळखायला शिकवण्यासाठीही याच मापाची मॉडेलं वापरली गेली. १/४८ म्हणजे फुटाला पाव इंच. मोहॉकचा पंखविस्तार ११.३८ मीटर, १/७२मध्ये तो सुमारे १५.८ सेंटिमीटर, १/४८मध्ये २३.७, आणि १/३२मध्ये ३५.६ भरतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने शेवटचा आकडा बायकोला किंवा नवऱ्याला विचारूनच निवडावा. मी १/४८च्या बाजूचा आहे. त्या मापात कॉकपिटमध्ये हात घालावासा वाटतो, आणि मोहॉकच्या कॉकपिटमागे दोन बाजूंना जी खोलगट काच असते ती १/७२मध्ये इतकी लहान होते की गोंदाचा एक धागा लागला तरी ती धुरकट दिसते.

किटबद्दल थोडं. मोनोग्रामचं १/७२मधलं पी-३६ आणि हेलरचं त्याच मापातलं एच-७५ ही जुन्या पिढीची. अशा जुन्या किटांच्या अंगावर पत्र्याचे सांधे खोदलेले नसतात, उठावाच्या रेषांनी दाखवलेले असतात. काहींना या रेषा बघवत नाहीत. ते पॉलिश पेपरने सगळं घासून नव्याने सांधे कोरतात. मी तसं करत नाही. जुन्या किटाला जुन्यासारखं वागवावं, आकार बरोबर असेल तर बाकी रंगाने झाकता येतं. कॅनडाच्या हॉबीक्राफ्टने १/४८मध्ये हॉक काढलं आणि तेच साचे पुढे अकॅडमीच्या खोक्यातही मिळाले. स्वस्त, सोपं, आणि आतून मोकळं: कॉकपिटमध्ये एक खुर्ची, एक फळा आणि एक काठी एवढाच संसार. ज्याला आतला तपशील स्वतः करायचा आहे त्याला हे रिकामं घर आवडतं.

चेक प्रजासत्ताकाच्या स्पेशल हॉबीने १/३२मध्ये हॉक केलं आहे. चेक कंपन्यांबद्दल चार शब्द जास्त लिहायला हवेत, कारण अपरिचित विमानांची निम्मी किट तिथूनच येतात. मोठ्या कंपन्या पोलादी साचे करतात. त्यांचा खर्च वसूल व्हायला पुष्कळ खोके खपावे लागतात, आणि कमी ओळखीचं विमान तेवढं खपत नाही. चेक कंपन्यांनी कमी खर्चाचे, थोड्या उत्पादनाचे साचे करायची रीत बसवली. त्यामुळे एरवी कधीच न निघालेली विमानं बाजारात आली. किंमत मात्र जोडणाऱ्याला मोजावी लागते. दोन अर्धे जुळवायला खुंट्या नसतात, भाग स्प्रूपासून तोडताना जाड देठ कापावे लागतात, पंख अंगाला नुसता टेकवून चिकटवायचा. सोबत रेझिनचे लहान भाग आणि पितळी पत्र्याचं फोटो-एच येतं, ते प्लास्टिकच्या गोंदाने चिकटत नाही, त्याला फेव्हिक्विक लागतं. जपानच्या शिझुओकातून आलेल्या तामियाच्या किटवर हात बसलेला असेल तर पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल. दुसऱ्या आठवड्यात पुट्टी कशी लावायची ते येतं. हे काम गळ्यात न पडता अंगवळणी पडावं यासाठी या पुस्तकातली दोन प्रकरणं खर्ची पडली आहेत.

रंगांच्या बाबतीत मोहॉक मनाला फार त्रास देत नाही. वरून गडद हिरवा आणि गडद मातकट, खालून फिकट. म्हणजे ब्रिटिशांची नेहमीची जमिनीवरची रंगसंगती. गंमत आहे ती वर्तुळांत. ब्रिटिश वर्तुळाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. ब्रह्मदेशाच्या आकाशात लाल गोल म्हणजे जपानी, आणि घाईत गोळीबार करणाऱ्याला मधला गोल आणि पूर्ण गोल यांतला फरक दिसत नाही. म्हणून १९४२च्या मध्यापासून पूर्वेकडच्या विमानांवरचा लाल रंगवून टाकला गेला, निळं-पांढरं उरलं. पुढे पांढराही फार चमकतो म्हणून त्याच्या जागी फिकट निळा आला. आता तुम्ही डिसेंबर १९४१चं डमडमचं मोहॉक करणार असाल तर लाल हवा. १९४३चं आगरतळ्याचं असेल तर नको. पंखांवर आणि शेपटीवर पांढरे रुंद पट्टे असलेली ब्रह्मदेशातली विमानं तुम्ही चित्रांत पाहिली असतील, ते पट्टे युद्धाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातले. मोहॉक तोवर निवृत्त झालं होतं, त्याला ते लावू नका, खोक्यातल्या डिकलमध्ये असले तरी. एका तारखेने एवढे प्रश्न सुटतात. म्हणूनच आधी विमान ठरवायचं.

तारीख कळते छायाचित्रावरून. रंगीत बाजूचित्रं, जी पुस्तकांत आणि डिकलच्या कागदावर छापलेली असतात, ती कुणीतरी त्याच छायाचित्रावरून काढलेली असतात, आणि फोटोत न दिसणारी दुसरी बाजू चित्रकार अंदाजाने भरतो. शक्य असेल तिथे फोटोपर्यंत जा. पण फोटोलाही जपून वाचावं लागतं. त्या काळच्या काही फिल्मवर लाल जवळजवळ काळा उठतो, आणि पिवळाही गडद. त्यामुळे वर्तुळाच्या मध्यभागी काळपट ठिपका दिसला तर तो लाल असण्याचीच शक्यता जास्त, आणि बाहेरचं पिवळं कडं गायब दिसलं तरी ते तिथे असू शकतं. आसामातल्या पावसात आणि उन्हात राहिलेल्या विमानाचा रंग विटतो, पायलट चढतो त्या पंखाच्या बुडाशी पत्रा उघडा पडतो. हे दाखवावं, पण मीठ घालावं तितकंच; मॉडेलवरचा चिखल खऱ्या विमानापेक्षा जास्त झालेला मी अनेक प्रदर्शनांत पाहिला आहे.

आपल्याकडचे काही प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. पातळ करणारं द्रावण आणि सॉल्व्हंटवाले रंग ज्वलनशील म्हणून विमानाने टपालात येत नाहीत. पाण्याचे ॲक्रिलिक रंग हाच व्यवहार्य मार्ग. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लॅकर मारलात तर हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. जून ते सप्टेंबर जोडकाम आणि पुट्टी, दिवाळीनंतर रंग, असं पंचांग सांभाळलंत तर वैताग वाचतो. जुन्या किटमधले डिकल पिवळे पडलेले असतील तर कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन खाऊ द्यावं. पिवळेपणा बराच जातो. डिकल सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवावेत, नाहीतर ओलीने मधला पातळ कागद त्यांना असा चिकटतो की ते वेगळे होत नाहीत. पुण्या-नाशिककडच्यांना हा त्रास कमी. आयातीच्या करामुळे किटची किंमत खोक्यावरच्यापेक्षा बरीच वाढते, हे गृहीत धरून मागवावं. तोच खर्च दोघा-तिघांनी मिळून एका पार्सलात केला तर टपाल वाचतं.

पुस्तकाची मांडणी या क्रमानेच आहे. पहिल्या भागात हॉकचे प्रकार आणि त्यांची नाकं, एकेका देशाप्रमाणे, मोजमापांसह. दुसऱ्यात किट आणि रेझिनचे बदली भाग. तिसरा भाग जोडकामाचा. त्यात काउलिंग आधी, कॉकपिट नंतर आणि पंख शेवटी असा क्रम ठेवला आहे, किटच्या सूचनापत्राच्या उलट, कारण नाक चुकलेलं आहे हे पंख चिकटवल्यावर कळून उपयोग नसतो. चौथ्यात रंग, वर्तुळं आणि छायाचित्रं. शेवटचं प्रकरण बंगलोरला जोडलेल्या पाच विमानांचं आहे, आणि ज्यांना मोहॉकमधलं नेमकं तेच करायचं आहे त्यांनी वाचन तिथून सुरू केलं तरी चालेल.